पाच काळ्या पट्ट्या, पाच राग: कीबोर्डवर राग शिकायचा म्हणजे नेमकं काय

गणपती जवळ आले की तळकोकणात वाडीवाडीत भजनाच्या तालमी सुरू होतात. बुवांच्या पुढ्यात पेटी, शेजारी पखवाज आणि झांजा असतात. अलीकडे त्यांच्या बाजूला कीबोर्डही येऊन बसला आहे. कुणी चाकरमानी मुंबईहून येताना आणतो, कुणी मुलीला दहावीच्या निकालावर घेऊन देतो. कंपनी कुठलीही असली तरी गावात त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. आरत्या आणि दोन-चार गजर त्यावर पटकन बसतात. मग ‘हा भूप आहे’, ‘इथे मालकंस लागला’ असं बुवांचं बोलणं त्या मुलीच्या कानावर पडतं आणि ती विचारते, ‘भूप कुठल्या पट्ट्यांवर वाजतो?’

या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे आणि मोबाइलवर हवं तितक्या ठिकाणी सापडतं. पण त्या ओळीबरहुकूम बोटं फिरवून जे वाजतं, त्याला बुवा भूप म्हणत नाहीत. ते का म्हणत नाहीत हे समजलं, तर कीबोर्डवरही रागसंगीताची चांगली सुरुवात होऊ शकते, असं माझं ठाम मत आहे. घरात कीबोर्ड आहे, हौस आहे, पण संगीताचं शिक्षण झालेलं नाही, अशांसाठी हे लिहितो आहे.

## आधी पट्ट्या ओळखू

कीबोर्डवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत असतात. दोनच्या गटातल्या काळी एक आणि काळी दोन. तीनच्या गटातल्या काळी तीन, चार आणि पाच. काळी एकच्या लगेच डावीकडे पांढरी एक, आणि तिथून उजवीकडे मोजत पांढरी सातपर्यंत. सात पांढऱ्या आणि पाच काळ्या अशा बारा पट्ट्यांचं एक सप्तक होतं. पुढे तेच पुन्हा येतं, फक्त वरच्या आवाजात.

आपल्या संगीतात सा कुठल्याही पट्टीवर धरता येतो. पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका बहुधा काळी चार-पाचच्या आसपास. ‘तुमची पट्टी कुठली?’ असं बुवा विचारतात ते याचसाठी. सा ठरला की बाकीचे स्वर मोजून काढायचे. काळी-पांढरी असा भेद न करता, सा ची पट्टी सोडून पुढे एकेक पट्टी मोजत गेलं की शुद्ध रे दुसऱ्या पट्टीवर येतो, ग चौथ्या, म पाचव्या, प सातव्या, ध नवव्या आणि नि अकराव्या. रे, ग, ध किंवा नि कोमल असेल तर एक पट्टी खाली, म तीव्र असेल तर एक पट्टी वर. एवढं पाठ झालं की कुठल्याही रागाचे स्वर कुठल्याही पट्टीवरून शोधता येतात.

भूपाचे स्वर सा, रे, ग, प, ध हे पाचच आहेत, सगळे शुद्ध. म आणि नि नाहीत. मुलीच्या प्रश्नाचं एका ओळीचं उत्तर ते हे.

## आता फक्त काळ्या पट्ट्या वाजवून पाहा

फोनवर तानपुऱ्याचं कुठलंही ॲप घ्या, बरीच फुकट मिळतात. सूर काळी तीन ठेवा. ॲपमध्ये त्याला बहुधा एफ शार्प म्हटलेलं असेल. तानपुरा चालू ठेवून काळी तीनपासून उजवीकडे काळ्या पट्ट्या एकामागून एक, सावकाश वाजवा: काळी तीन, चार, पाच, मग पुढच्या गटातली काळी एक, काळी दोन. मोजून पाहिलं तर हेच सा, रे, ग, प, ध. म्हणजे सा काळी तीनवर धरला की कीबोर्डवरच्या सगळ्या काळ्या पट्ट्या भूपाच्या आणि सगळ्या पांढऱ्या भूपाबाहेरच्या. नवशिक्याला याहून सोपी जागा मिळणार नाही, कारण इथे चुकीचा स्वर लागायला बोट घसरूनच जावं लागतं.

आता बोटं त्याच काळ्या पट्ट्यांवर राहू द्या आणि फक्त तानपुरा बदला. सूर काळी एक करा आणि काळी एकपासून सुरुवात करा. तीच पाच पट्ट्यांची मालिका आता सा, रे, म, प, ध झाली. हे दुर्गा रागाचे स्वर. तानपुरा काळी पाचवर न्या, म्हणजे मालकंस मिळेल. मालकंसात प नाही, म्हणून तानपुऱ्यात प ऐवजी म लावा. आता त्याच पट्ट्या सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि म्हणून ऐकू येतील आणि मघाशी प्रसन्न वाटलेले स्वर गंभीर होतील. काळी चारवर सा धरला तर सा, रे, म, प, कोमल नि मिळतात. हे मध्यमाद सारंगाचे स्वर, आणि मेघाचेही. काळी दोनवर सा धरला तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे धानी राग.

पट्ट्या पाचच, त्याही त्याच. सा हलला की प्रत्येक पट्टीचं सापासूनचं अंतर बदलतं, आणि कान स्वर ओळखतो तो या अंतरावरून. हा प्रयोग वाचून सोडू नका, प्रत्यक्ष करा. भूपाकडून मालकंसाकडे जाताना वातावरण कसं पालटतं ते पाच मिनिटांत कानाला कळतं. जुन्या ग्रंथांत असा सा सरकवण्याला मूर्च्छना म्हटलं आहे.

यातून सरावाचा पहिला नियम निघतो: तानपुऱ्याशिवाय वाजवायचं नाही. तानपुरा बंद असेल तर त्या पाच पट्ट्यांतली सा कुठली हे कानाला ठरवता येत नाही. यूट्यूबवर ‘भूप’ म्हणून शिकवलेली पट्ट्यांची मालिका पोरं घरी तानपुऱ्याविना घोकतात, तेव्हा बोटांचा व्यायाम होतो, पण कान कोराच राहतो.

## स्वर तेच, तरी राग वेगळे

सा पक्का झाला, पाच स्वर कळले, म्हणजे भूप आला का? अजून नाही. देशकार नावाचा राग आहे. त्याचेही स्वर सा, रे, ग, प, ध हेच, सगळे शुद्ध. सा सुद्धा त्याच पट्टीवर धरला तरी भूप आणि देशकार हे दोन वेगळे राग आहेत. जाणकाराला पहिल्या दोन ओळींत फरक कळतो.

मुंबई-गोवा महामार्गावरच्या एसटीचा विचार करा. लांजा, राजापूर, तळेरे, कणकवली, कुडाळ हे थांबे सगळ्या गाड्यांना सारखेच. पण एक गाडी राजापूरला चहापाण्याला वीस मिनिटं उभी राहते आणि कणकवलीला माणसं चढवून लगेच सुटते. दुसरी राजापूरला जेमतेम थांबते आणि कणकवलीला निवांत टेकते. थांब्यांची यादी वाचून दोन्ही गाड्या एकच वाटतील. प्रवास करणाऱ्याला त्या वेगळ्या आहेत हे पक्कं ठाऊक असतं.

भूपाची गाडी गंधारावर थांबते. ग हा त्याचा वादी, म्हणजे ज्या स्वरावर राग पुन्हा पुन्हा येतो आणि विसावतो तो मुख्य स्वर. त्याच्या खालोखालचा स्वर ध, त्याला संवादी म्हणतात. भूप सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात रमतो, मंद्र (खालच्या) सप्तकातल्या धैवताला, म्हणजे ध ला, हात लावून वर येतो. देशकारात हे उलटं आहे: वादी ध, संवादी ग, आणि सगळा ओढा वरच्या षड्जाकडे, म्हणजे सा कडे. त्यात रे वर थांबायचं नसतं, तो उतरताना निसटता लागतो. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला, देशकार सकाळचा.

हे बोटांनी करून पाहा. खाली टिंब दिलेला स्वर मंद्र सप्तकातला, म्हणजे खालचा. अनुस्वार दिलेला सा वरचा. स्वल्पविराम आला की थांबा, घाई करू नका.

भूप: सा रे ग, रे ग प ग, ध प ग, रे, सा ध़ सा.

देशकार: ग प ध, ध प, ग प ध सां, ध, प, ग प ध प ग रे सा.

पहिल्या ओळीत ग वर भरपूर वेळ टेका, दुसरीत ध वर. देशकारातले ‘ग रे सा’ एका झोकात उतरा. दोन्ही ओळी लागोपाठ चार-पाचदा वाजवल्या की एक संध्याकाळची आणि एक सकाळची आहे हे कुणी सांगावं लागत नाही.

राग ओळखता येतो तो अशा छोट्या स्वरसमूहांमुळे. रागाची ओळख एका झटक्यात पटवणाऱ्या समूहाला पकड म्हणतात. आरोह-अवरोह म्हणजे स्वरांची चढती आणि उतरती यादी. ती पाठ असावी, पण सरावाचा बहुतेक वेळ पकडीला आणि तिच्यासारख्या लहान ओळींना द्यावा. मी आरोह-अवरोह शंभरदा घोकून घेण्याच्या पद्धतीच्या विरोधात आहे. त्याने बोटांना शिडी चढण्याची सवय लागते आणि पुढे रागात थांबायचं कुठे, वळायचं कुठे हे नव्याने शिकावं लागतं.

## ‘पण कीबोर्डवर मींड कुठून येणार?’

आक्षेप खरा आहे. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. गळ्यात, सारंगीवर, सतारीवर ते होतं, कारण तिथे दोन स्वरांच्या मधली जागाही हाती असते. कीबोर्डच्या दोन पट्ट्यांमध्ये काहीच नाही.

नेमकी हीच अडचण पेटीलाही आहे, आणि पेटी आपल्याकडे सव्वाशेहून अधिक वर्षं नांदते आहे. युरोपातलं हे वाद्य कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकात हातभात्याचं, मांडी घालून वाजवता येईल असं केलं. आपल्या दशावतारात पायपेटी आजही वाजते. गोव्यातल्या बोरी गावी १९३४ साली जन्मलेले पंडित तुळशीदास बोरकर यांच्या पेटीत, किंवा गोविंदराव पटवर्धनांनी पेटीवर वाजवलेल्या नाट्यपदांत गाणं तुटल्यासारखं कुठे वाटतं? पट्ट्या त्यांच्यापुढेही सुट्याच होत्या.

ते जमतं कसं, याचा निम्मा भाग कुणालाही शिकता येतो. पहिली गोष्ट, पुढची पट्टी दाबली जाईपर्यंत आधीची सोडायची नाही. दोन स्वर निमिषभर एकमेकांवर यावेत, पण दोन्ही मिळून गोंगाट होण्याइतका वेळ नाही. दुसरी गोष्ट कणस्वर, म्हणजे मुख्य स्वराला जाता जाता शिवणारा शेजारचा स्वर. ग वाजवण्याआधी प ला ओझरता स्पर्श केला की गंधार वरून उतरून आल्यासारखा वाटतो आणि उरलेलं कान भरून काढतो. तिसरी गोष्ट आवाजाचा चढउतार. पेटीवाला तो भात्याने करतो. कीबोर्डला आवाज कमी-जास्त करणारं पायाचं पेडल जोडता येत असेल तर ते जरूर घ्यावं.

कीबोर्डकडे मात्र पेटीकडे नसलेली एक सोय आहे. बऱ्याच कीबोर्डच्या डाव्या टोकाला एक चाक असतं, पिच बेंड. ते मागे ओढलं की वाजत असलेला स्वर घसरत खाली येतो, सोडलं की परत जागेवर जातो. बहुतेक ठिकाणी चाक पूर्ण ओढल्यावर स्वर बरोबर दोन पट्ट्या खाली येईल अशी मूळ जुळणी असते. भूपाच्या दृष्टीने ही जुळणी सोन्यासारखी आहे. ध ते प दोन पट्ट्या, ग ते रे दोन पट्ट्या, रे ते सा दोन पट्ट्या. म्हणजे ध दाबून चाक सावकाश शेवटपर्यंत ओढलं की मींडेने थेट प वर पोचता, अंदाज करावा लागत नाही. प ते ग आणि सा ते मंद्र ध यांत मात्र तीन पट्ट्यांचं अंतर आहे, तिथे चाक पुरत नाही. तिथे कणस्वराने भागवा, किंवा कीबोर्डच्या सेटिंगमधून चाकाची मर्यादा तीन पट्ट्यांची करा. मींड घेऊन झाल्यावर आधी पट्टी सोडायची, मग चाक. उलट केलं तर स्वर उसळी मारून परत वर जातो.

आणखी एक. चाक ओढलं की बऱ्याच कीबोर्डवर त्या क्षणी वाजणारे सगळेच स्वर घसरतात. म्हणून तानपुरा फोनवरच असू द्या, डाव्या हाताने कीबोर्डवर सा-प धरून ठेवू नका.

## ‘श्रुतींचं काय? कीबोर्ड मुळात बेसूर असतो ना?’

श्रुती म्हणजे स्वरांच्या सूक्ष्म जागा. या आक्षेपाला मोठा इतिहास आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली आणि ती जवळपास तीन दशकं राहिली. रवींद्रनाथ ठाकुरांचाही पेटीला विरोध होता. मींड नाही आणि स्वर जागच्या जागी नाहीत, ही दोन कारणं त्यामागे होती. दुसऱ्या कारणाचा अर्थ आकड्यांत पाहू.

सा ची तार सेकंदाला १०० वेळा कंप पावते असं धरा. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून आपोआप गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मध्य सप्तकात आणून मोजला तर तो १२५ कंपनांवर असतो. कीबोर्डवरचा गंधार जवळपास १२६ वर असतो. पंचम निसर्गतः १५०, कीबोर्डवर १४९.८, म्हणजे फरक नसल्यातच जमा. रे ११२.५ ऐवजी ११२.२, तोही जवळच. धैवत मात्र १६६.७ ऐवजी १६८.२.

असं का केलं? कुठल्याही पट्टीवर सा धरता यावा म्हणून. कीबोर्डवर प्रत्येक पट्टीची कंपनं आधीच्या पट्टीपेक्षा सारख्याच प्रमाणात, सुमारे सहा टक्क्यांनी, वाढत जातात. काळ्या पट्ट्यांचा आपला प्रयोग पाचही ठिकाणांवरून सारखाच चालला तो या समान अंतरामुळे. या सोयीची किंमत गंधार आणि धैवत मोजतात.

आणि भूपाचा वादी गंधारच! म्हणून तानपुऱ्यासोबत कीबोर्डचा गंधार बराच वेळ धरला तर तो किंचित थरथरल्यासारखा, चढा वाटतो. ज्याला हे ऐकू येतं त्याचा कान तयार होतो आहे असं समजावं. काही कीबोर्डवर प्रत्येक स्वर सूक्ष्म प्रमाणात वर-खाली करायची सोय असते. तिथे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे १०० भाग धरलेले असतात. गंधार १४ भाग खाली घेतला की तो तानपुऱ्यात मिसळतो. धैवत सोळा भाग खाली घेऊन पाहा. अनेक गायक देशकारातला धैवत भूपातल्यापेक्षा किंचित चढा लावतात, तेव्हा त्याबाबत कानाचंच ऐका. सा बदलला की ही जुळणी मात्र पुन्हा करावी लागते.

पेटीच्या बाबतीत हाच प्रश्न ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी मनावर घेतला आणि २२ श्रुतींची पेटी तयार केली. तेव्हा आक्षेप खोटा नाही. पण नवशिक्याने त्याला घाबरून वाद्य बाजूला ठेवणं मला मुळीच पटत नाही. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, रात्रभर गाणाऱ्या बुवांनी याच बारा पट्ट्यांच्या पेटीवर सूर धरला आणि गळा मात्र तानपुऱ्याच्या गंधाराला लावला. तुम्हीही गाऊन वाजवा. स्वर आधी गळ्यातून काढा, मग पट्टी दाबा. गळा बरा नसला तरी चालेल, गुणगुणा. जी ओळ गुणगुणता येत नाही ती बोटांतून रागासारखी येत नाही, हे मी कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

## कीबोर्ड लावताना

आवाज पेटीचा, बासरीचा किंवा व्हायोलिनचा निवडा. पियानोचा नको, कारण पियानोचा स्वर दाबल्याबरोबर विरायला लागतो आणि गंधारावर टेकायचं तर टेकायला काही उरत नाही. डाव्या हाताने आपोआप वाजणारी कॉर्डची साथ बंद करा. तिच्यात रागाबाहेरचे स्वर सहज मिसळतात. सस्टेन, म्हणजे पट्टी सोडल्यावरही स्वर लांबवणारी सोय, बंद.

ट्रान्सपोजचं बटन भजनाच्या साथीला उपयोगी आहे. बुवांनी ऐनवेळी अर्धा सूर वर मागितला तर बोटं न बदलता काम होतं. पण शिकताना त्याचा आधार घेऊ नका. काळी तीनवर भूप हाताला बसला की तोच काळी एकवरून वाजवा: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. मग पांढरी एकवरून, मग स्वतःच्या गळ्याच्या पट्टीवरून.

## आठवडाभराचा भूप

पहिले काही दिवस तालाशिवाय. तानपुरा, आणि एका वेळी एक स्वर. सा वर या, थांबा. सा-रे, रे-सा. मग ग पर्यंत जा आणि तिथे घर करा. फक्त सा, रे, ग या तीन स्वरांत आणि मंद्र धैवतात पाच मिनिटं काढता आली पाहिजेत. हे फार अवघड जातं, कारण प कडे पळायचा मोह होतो. तो आवरायला शिकणं हाच आलापाचा अभ्यास. मग प आणा, त्याच्यावरून ग कडे परत या. ध सर्वांत शेवटी.

मग ताल. तीनताल १६ मात्रांचा, चार-चारचे चार भाग. पहिल्या मात्रेला सम म्हणतात, नवव्या मात्रेपासून सुरू होणाऱ्या भागाला खाली. कीबोर्डच्या तयार ऱ्हिदमपेक्षा तबल्याचं ॲप बरं, त्यात सम आणि खाली ऐकू येते. एक छोटी सरगम देतो, खालीपासून सुरू करायची:

खालीपासून: ग रे सा ध़ | सा – रे रे

समेपासून: ग – प ग | ध प ग –

आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर तसाच धरून ठेवणे. सम गंधारावर येते हे लक्षात आलं असेल. रागाचा मुख्य स्वर आणि तालाची मुख्य मात्रा एकत्र आल्या की बसलेल्या माणसाची मान आपसूक हलते. ही ओळ संथ लयीत इतकी घोळवा की वाजवता वाजवता घरच्यांशी दोन शब्द बोलता येतील. मग समेपासून दीड आवर्तन (१६ मात्रांचा एक फेरा म्हणजे एक आवर्तन) स्वतःच्या स्वरांचं घ्या, आणि पुढच्या समेनंतर बरोबर नवव्या मात्रेवर मूळ ओळ पकडा. पहिल्यांदा दोन-तीन स्वरांची भर पुरे.

यासोबत रोज ऐकणं हवंच. किशोरी आमोणकरांचं ‘सहेला रे’ भूपातच आहे. त्यांच्या आई मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डी गावच्या, म्हणजे हा गळा आपल्या किनाऱ्याचाही आहे. ऐकताना एकच गोष्ट मोजा: त्या गंधारावर किती वेगवेगळ्या वाटांनी येतात.

## ‘नोटेशन सगळं मोबाइलवर आहे, मग गुरुजी कशाला?’

नोटेशनमध्ये स्वर लिहिता येतात, मात्रा लिहिता येतात. थांबणं किती, प वरून ग वर येताना वजन कुठे द्यायचं, हे लिहून पुरतं कळत नाही. ते समोर बसून दुरुस्त करून घ्यावं लागतं. गावात कीबोर्डचे गुरुजी नसतील, पण पेटी वाजवणारे बुवा नक्की असतात. त्यांच्याकडे जा. कीबोर्ड घेऊन गेलात तर ते आनंदाने पाहतील, कारण उजव्या हाताचं सगळं काम पेटीचंच आहे. पुढे परीक्षा द्यावीशी वाटली तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत हार्मोनियम हा विषय आहे, त्यासाठी पेटीवर हात आणावा लागेल.

## ‘मग पहिल्यापासून पेटीच घेऊ का?’

परवडत असेल आणि शिकवणारं कुणी जवळ असेल, तर हो. पेटीचा स्वर भात्याच्या श्वासावर चालतो, आणि तो श्वास हाताला कळणं ही मोठी गोष्ट आहे. पण घरात कीबोर्ड असताना पेटी नाही म्हणून थांबू नका.

कोकणात दोन्ही वाद्यांना पावसाळा सोसावा लागतो. दमट हवेत पेटीचं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, भात्याला बुरशी धरते. कीबोर्डच्या आतल्या संपर्कांवर खाऱ्या हवेचा थर बसून काही पट्ट्या मुक्या होतात. जाड कापडाचं आच्छादन घाला, जवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. मुख्य म्हणजे रोज वाजवा, पडून राहिलेलं वाद्य आधी बिघडतं. सेलवर चालणारा कीबोर्ड असेल तर सेलचा एक संच घरात असू द्या, जून ते सप्टेंबर वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही.

## भूपानंतर

भूपानंतर दुर्गा घ्या. पाचच स्वर, पण ग च्या जागी म आल्यावर चाल कशी बदलते ते कळेल. मग वृंदावनी सारंग, आणि तिसरा यमन. यमनात सातही स्वर आहेत, म तीव्र. चढताना सा आणि प वगळून ‘नि रे ग, म ध नि’ असं जायची रीत आहे, आणि सा न लावता सा मनात धरून ठेवायचा सराव त्यात होतो.

दरबारी कानडा, मियाँ मल्हार आणि तोडी कीबोर्डवर लवकर घेऊ नयेत असं मला वाटतं. दरबारीचा कोमल गंधार सतत संथ झुलत असतो, तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल ग पेक्षाही खाली असतो. पट्टी दाबून ते सांगता येत नाही. भैरव अवघडपणात मधला आहे: त्याचे कोमल रे आणि ध आंदोलनाचे, म्हणजे संथ झुलणारे, तरी चाक हलक्या हाताने हलवून त्याची सावली आणता येते. शुद्ध कल्याण मात्र ऐकायला आत्तापासून सुरुवात करा. तो भूपासारखाच चढतो. उतरताना सां वरून ध-प कडे आणि प वरून ग कडे घसरत येतो, आणि त्या घसरणीत नि आणि तीव्र म नुसते शिवून जातात. भूप हातात बसला असेल तर ते दोन निसटते स्वर कानाला लगेच ऐकू येतील.